सागरकुळीचे जीव आणि सह्याद्रीचे डोह

चैत्र लागताच ज्या मुलखात टँकरच्या फेऱ्यांवर दिवसाचे वेळापत्रक ठरते, त्या पाथर्डीच्या वाचकापुढे शीत समुद्रातील हायड्रॉइड प्राण्यांची शरीररचना मांडणे म्हणजे मामलेदार कचेरीत गलबताच्या शिडांचा हिशेब सादर करण्यासारखे आहे, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि या सागरकुळाची एक शाखा समुद्र सोडून थेट आपल्या सह्याद्रीत येऊन राहिली आहे, ती नेमकी भर उन्हाळ्यात दृष्टीस पडते आणि तिचा छडा एका मराठी अध्यापकाने लावला, या तीन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे हा विषय वाटतो तितका परका राहत नाही.

हायड्रॉइड प्राणी ज्यात मोडतात त्या हायड्रोझोआ वर्गात आजमितीस साडेतीन हजारांहून अधिक जाती गणल्या जातात. त्यांतील बहुतेक सर्व समुद्रवासी, गोड्या पाण्यातल्या अगदी थोड्या. या प्राण्यांचे आयुष्य पुष्कळदा दोन रूपांत विभागलेले असते: तळाला चिकटून राहणारा नळीसारखा पॉलिप आणि त्याच्यापासून सुटून स्वैर पोहणारे छत्रिक, म्हणजेच छोटा जेलीफिश. कोणत्या रूपाने किती वाढावे याला मात्र धरबंध नाही. १८७५ साली ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन-जहाजाने उत्तर पॅसिफिक महासागराच्या खोल पाण्यातून जो एकाकी पॉलिप वर काढला, त्याचा देठ सात फुटांहून लांब भरला. जॉर्ज ऑलमन या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन करताना त्याला सम्राटाची पदवी दिली आणि ती त्याच्या नावात आजही कायम आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यात वाळूत रुतून उभा राहणारा, मान किंचित झुकवलेला ‘कोरिमॉर्फा न्यूटन्स’ हा त्याचाच लहानखुरा नातलग. मायकेल सार्स यांनी १८३५ मध्ये तो शास्त्राच्या दप्तरी दाखल केला.

गोड्या पाण्यातील छत्रिकाची पहिली मोठी वार्ता १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातील कमळांच्या हौदातून आली, आणि तिच्या वर्णनासाठी पुढे सरसावलेल्यांत हेच ऑलमन होते. त्यानंतर आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात १८८३ मध्ये दुसरे एक छत्रिक आढळले, त्याचे १८९३ मध्ये ‘लिम्नोक्निडा’ असे बारसे झाले, आणि हे सरोवर प्राचीन समुद्राचाच तुटून राहिलेला अवशेष असावे, असा पक्ष मूर नावाच्या इंग्रज संशोधकाने मोठ्या हिरिरीने मांडला. उपपत्ती आकर्षक होती, परंतु आफ्रिकेतील इतर जलाशयांतही हे छत्रिक सापडू लागताच तिचा पाया खचू लागला; आणि १९११-१२ च्या सुमारास मुंबई इलाख्यातून जी बातमी आली, तिने प्रश्नाची हद्दच आफ्रिकेबाहेर नेली.

शंकर पुरुषोत्तम आघारकर हे १८८४ साली मालवणात जन्मलेले गृहस्थ, वास्तविक वनस्पतिशास्त्रज्ञ. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करीत असताना पश्चिम घाटात भटकण्याच्या त्यांच्या परिपाठातून सातारा जिल्ह्यातील कोयना आणि वेण्णा या नद्यांत त्यांना ही पारदर्शक छत्रिके मिळाली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी ही जाती नवी ठरवून तिला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. पाठोपाठ १९१२ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ग्रेव्हली आणि आघारकर या उभयतांनी तिच्या सवयींवर व प्रसारावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले. वनस्पतींच्या शोधात निघालेल्या माणसाने प्राणिशास्त्राला एवढी भर घालावी, ही आजच्या काटेकोर विषयवाटणीच्या काळात मला तरी विशेष मोलाची बाब वाटते.

या छत्रिकाची घंटा फार तर रुपयाच्या नाण्याएवढी. कडेला पोकळ संस्पर्शकांची दाट झालर, आणि कडेच्या आतल्या अंगाला पडद्यासारखे एक पातळ पटल, जे हायड्रोझोआ वर्गातील छत्रिकांची ओळख मानले जाते. घंटा आकुंचन पावली की पटलाच्या अरुंद तोंडातून पाणी वेगाने फेकले जाते आणि प्राणी पुढे सरकतो. मुखनलिका आखूड, पण विलक्षण रुंद. जननग्रंथी तिच्याच भिंतीवर असतात. लंडनच्या छत्रिकात त्या अरीय नलिकांवर लोंबतात, आणि एवढ्या एका खुणेवरून दोन्ही वंश वेगळे ओळखता येतात. हृदय नाही, मेंदू नाही, श्वसनेंद्रिय नाही; संस्पर्शकांवरील दंशकोशिका मात्र सूक्ष्म जलचरांना पुरून उरतात.

वैशाखात घाटातील प्रवाह आटून डोह उरतात, पाणी संथ व उबदार होते, तेव्हाच ही छत्रिके दिसतात. मृगाच्या लोंढ्यानंतर त्यांचा मागमूस राहत नाही. वंश टिकून राहतो तो दगडाला चिकटलेल्या इवल्याशा पॉलिपाच्या जोरावर. पुढे कोयना धरणाच्या जलाशयाखाली त्या खोऱ्याचा मोठा भाग गेला, त्यामुळे जुन्या स्थळांची पुन्हा पाहणी होणे अगत्याचे आहे.

आघारकर नंतर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९४६ पासून पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा त्यांनी वाहिली. १९९२ पासून ही संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि योगायोग असा की तिथे या वर्गातील गोड्या पाण्याच्या हायड्रावर दीर्घकाळ संशोधन चालले. पुण्यातील हायड्राचा एक वाणच शास्त्रात गावाच्या नावाने नोंदला गेला आहे.

हायड्राला छत्रिकावस्था नाहीच, आणि त्याला पाहायला समुद्र तर सोडाच, कोयनेपर्यंतही जावे लागत नाही. संथ, स्वच्छ पाण्यातील वनस्पतींना चिकटलेली ही काही मिलिमीटरांची नळी दोनच पेशीस्तरांची बनलेली असते. तिचे तुकडे केले तर तुकड्यांतून पुन्हा पूर्ण प्राणी घडतात, हे अब्राहम ट्रेंबले यांनी १७४० च्या दशकात हॉलंडमध्ये दाखवून युरोपास चकित केले होते. पाथर्डीलगतच्या गर्भगिरी डोंगरांच्या परिसरातील पाझर तलावांच्या आणि बारमाही विहिरींच्या काठी राहणाऱ्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना म्हणून एक विनंती: पावसाळा सरल्यावर मूठभर पाणवनस्पती काचेच्या बरणीत त्याच पाण्यात घालून खिडकीशी ठेवा, दुसऱ्या दिवशी उजेडाकडील काच भिंगाने तपासा, आणि हायड्रा सापडो वा न सापडो, गाव, जलाशय आणि तारीख यांची नोंद वहीत लिहून ठेवा.