आम्ल आणि अस्तर

विख्यात ब्रिटिश शस्त्रवैद्य जॉन हंटर यांचा एक निबंध १७७२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. धडधाकट असता अकस्मात मृत्यू आलेल्या काही माणसांच्या शवविच्छेदनात त्यांना जठराची भिंत विरघळून आरपार छिद्र पडलेले आढळले होते. आणि ज्या रसाने अन्न पचविले त्याच रसाने, प्राण गेल्यावर, आपले पात्रही पचविले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. जठर मांसाचेच, आणि मांस पचविणे हेच जठराचे काम. मग जिवंतपणी ते स्वतःला का पचवीत नाही? हंटर यांनी सजीव वस्तूच्या अंगच्या जीवनशक्तीकडे बोट दाखविले. उत्तर मोघम होते, परंतु त्याची दिशा अचूक होती. कारण पुढील दोन शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्राने जे उलगडून दाखविले ते हेच, की जठराचे रक्षण हे एकदा चढवून ठेवलेले निर्जीव कवच नसून जिवंत पेशींचे अहोरात्र चालणारे काम आहे.

हे काम समजून घ्यावयाचे तर आरंभ अन्ननलिकेपासून करावा. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या या नळीचा आडवा छेद रंगवून काचपट्टीवर पाहिला, तर आतून बाहेर चार थर दिसतात: श्लेष्मल अस्तर, त्याखालचा सैल संयोजी ऊतीचा थर, स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेरचे आवरण. जठरातही स्थूलमानाने हीच मांडणी आहे. खरा भेद आहे तो अस्तरात. अन्ननलिकेला काही पचवावयाचे नसते, काही शोषून घ्यावयाचे नसते. तिच्या वाट्याला येते ते केवळ घर्षण, मग तो भाकरीचा कोरडा तुकडा असो, माशाचा काटा असो की घाईने गिळलेला कढत चहा असो. म्हणून तिचे अस्तर अनेकपदरी असते. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते आणि, पोहे कांडताना दाणा चेपत जावा तशी, पृष्ठभागी पोहोचेपर्यंत चपटी होऊन अखेर गळून पडते. तिची जागा घ्यावयास खालची दुसरी तयारच असते.

स्नायूंच्या थरातही एक विशेष आहे. वरच्या तृतीयांशात हातापायांच्या जातीचे रेखांकित स्नायू असतात, खालच्या तृतीयांशात अरेखांकित, आणि मधल्या भागात दोहोंची सरमिसळ. तरीही घास घशापलीकडे गेला की आपला अंमल संपतो. वरचे स्नायू रेखांकित असूनही आपला हुकूम मानीत नाहीत. खालच्या भागाचा कारभार मुख्यतः स्नायूंच्या दोन पदरांमधील मज्जातंतूंच्या जाळ्याकडे असतो. एकोणिसाव्या शतकात लिओपोल्ड आउअरबाख यांनी त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. यातील पेशी नष्ट झाल्या तर अन्ननलिकेचे खालचे द्वार वेळेवर सैल पडत नाही आणि घास तेथेच अडून राहतो.

अन्ननलिका जठराला मिळते तेथे सरहद्द इतकी स्पष्ट असते की दुर्बिणीने तपासणाऱ्या डॉक्टरांना ती नुसत्या डोळ्यांनी दिसते: वर फिकट, पांढुरके अस्तर, खाली लालसर, मखमली, आणि मध्ये एक नागमोडी रेषा. या रेषेवर अनेकपदरी चपट्या पेशी एकाएकी संपतात आणि उंच, स्तंभाकार पेशींचा एकच पदर सुरू होतो. जेथे आम्ल सौम्य तेथे अनेक पदर, आणि जेथे ते सर्वांत तीव्र तेथे अवघा एक, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. परंतु जठराची भिस्त पदरांच्या संख्येवर नाही.

जठराच्या अस्तरावर लाखो सूक्ष्म खळगे आहेत आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी उघडतात. या ग्रंथींतील दोन प्रमुख प्रकारच्या पेशी ब्रेस्लाऊ येथील रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी १८७० च्या सुमारास वेगळ्या ओळखल्या. ग्रंथीच्या बुडाशी, नेहमीच्या रंगद्रव्यांनी निळसर दिसणाऱ्या, त्या मुख्य पेशी. त्या पेप्सीन हे पाचक द्रव्य थेट निर्माण करीत नाहीत. निर्माण करतात ते त्याचे निष्क्रिय पूर्वरूप, जे आम्लाची गाठ पडल्यावरच प्रखर होते. पेशी स्वतःच्याच शस्त्राने जखमी होऊ नये म्हणून निसर्गाने केलेला हा बंदोबस्त मला विलक्षण वाटतो.

दुसऱ्या, गुलाबी रंग घेणाऱ्या थोराड पेशी म्हणजे भित्तीय पेशी. त्यांच्या पोटात बारीक नलिकांचे जाळे असून, ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकाँड्रिया तेथे दाटीने भरलेल्या असतात. आणि एवढी ऊर्जा लागतेच, कारण रक्तात हायड्रोजन आयनांचे जे प्रमाण असते त्याच्या दहा लाख पटींहून अधिक प्रमाणात ते या पेशी बाहेर लोटतात. हे लोटणारा पंप बंद पाडणे हेच ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या घरोघरी पोहोचलेल्या गोळ्यांचे कार्य. ब-१२ जीवनसत्त्व पुढे लहान आतड्यात शोषले जावे म्हणून लागणारे प्रथिनही याच पेशी पुरवितात. त्या नष्ट झाल्यास रक्तक्षय ओढवतो.

आम्ल घडविताना या पेशीत बायकार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थही उत्पन्न होतो. तो पेशीच्या मागच्या बाजूने रक्तात उतरतो आणि काही अंशी केशवाहिन्यांतून ग्रंथीच्या कडेने वर, थेट पृष्ठभागाच्या पेशींकडे पोहोचतो. त्या पेशी तो आपल्या दाट श्लेष्म्यात मिसळतात. म्हणजे ज्या कारखान्यात आम्ल तयार होते तेथूनच त्याच्या उताऱ्याचीही रवानगी होते. आणि म्हणून जठराच्या पोकळीत तीव्र आम्ल असतानाही अस्तराला टेकलेला श्लेष्मा जवळजवळ उदासीन राहतो. शिवाय पृष्ठभागाच्या पेशी काही दिवसांतच जुन्या होऊन गळतात आणि नव्या येतात. मृत्यूबरोबर रक्तप्रवाह थांबतो, बायकार्बोनेटचा पुरवठा आटतो, नव्या पेशी जन्मत नाहीत. हंटर यांनी पाहिलेली छिद्रे पडतात ती अशी.

जिवंतपणीही ही व्यवस्था मोडू शकते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यांत, नेमक्या याच श्लेष्म्याखाली, वाकडे जंतू दिसले. १९८२ साली बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी ते वाढविण्यात यश मिळविले. बहुतांशी याच जंतूंमुळे होणाऱ्या जठराच्या व्रणाचे खापर तोवर काळजीवर आणि तिखटावर फोडले जात असे. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सरहद्दीच्या वर मात्र असा कोणताही मजबूत बंदोबस्त नाही. आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले की काही रुग्णांत अन्ननलिकेचे चपटे अस्तर मागे हटते आणि त्या जागी स्तंभाकार पेशी येतात. लंडनचे शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली असे अस्तर पाहिले तेव्हा, आखूड अन्ननलिकेमुळे वर ओढले गेलेले हे जठरच होय, असे त्यांनी मानले. १९५७ साली त्यांनी आपले मत बदलले आणि ही अन्ननलिकाच असल्याचे मान्य केले. हे नवे अस्तर आम्ल अधिक सोसते, परंतु कर्करोगाची शक्यता वाढविते. म्हणून अशा रुग्णाच्या अस्तराचे कणभर तुकडे ठराविक मुदतीने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.