बायबलच्या पाठशाळेत

नाताळ जवळ आला की आमच्या आळीच्या टोकाला असलेल्या ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लुकलुकू लागतात आणि चर्चच्या अंगणात गवताचा गोठा उभा राहतो. तो पाहावयास आमच्या घरची मंडळी नेमाने जातात. गणपतीत आमच्याकडील मोदकांचे ताट तिकडे जाते, नाताळात तिकडून करंज्या आणि केक आमच्याकडे येतात. इतका घरोबा असूनही त्या रात्री व्यासपीठावरून उपदेश करणारे पाळक किंवा वेदीपाशी मिस्सा अर्पण करणारे फादर आपल्या पदास पोहोचतात ते कोणत्या अध्ययनाच्या वाटेने, याची आपल्यापैकी फारच थोड्यांस कल्पना असते. कीर्तनकाराचा मुलगा बापामागे झांज घेऊन उभा राहतो, वेदपाठशाळेतला बटू पहाटे उठून संथा म्हणतो, हे आपल्या परिचयाचे. ख्रिस्ती धर्मोपदेशक मात्र महाविद्यालयात घडतो, तेथे त्यास परीक्षा द्याव्या लागतात, पदवी मिळवावी लागते. आणि या शिक्षणात त्याच्या श्रद्धेची जी कसोटी लागते ती आम्हांस विशेष विचार करण्याजोगी वाटते.

आम्हांस याची ओळख झाली ती आमच्या जुन्या बिऱ्हाडाशेजारी राहणाऱ्या एका वृद्ध पाळकांमुळे. नाताळाच्या आदल्या दिवशी ते सहज आले असता आमच्या मातोश्रींनी त्यांना विचारले, "पाळकसाहेब, एवढ्या मोठ्या गावात त्या अवघडलेल्या बाईला कुणी आसरा दिला नाही? आणि बाळाला गव्हाणीत निजवायचं म्हणजे काय हो?" पाळक हसले. म्हणाले, "आई, हाच प्रश्न आमच्या गुरुजींनी पहिल्या वर्षी फळ्यावर लिहिला होता."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. लूकच्या शुभवर्तमानात ज्या ठिकाणी जागा नव्हती असे म्हटले आहे, त्या ठिकाणासाठी मूळ ग्रीकमध्ये 'कातालुमा' हा शब्द आहे. धर्मशाळा, उतारशाळा असा त्याचा अर्थ परंपरेने रूढ झाला. परंतु हाच लूक पुढे येशूच्या अखेरच्या भोजनासाठी लागणाऱ्या घरातल्या खोलीस तोच शब्द योजतो. आणि चांगल्या शोमरोनी माणसाच्या दृष्टांतात जेव्हा त्याला खरीखुरी पैसे देऊन उतरण्याची जागा सांगावयाची असते, तेव्हा 'पांदोखेइऑन' असा अगदी वेगळा शब्द वापरतो. तेव्हा कित्येक अभ्यासकांच्या मते पहिल्या जागी धर्मशाळा नसून आप्तांच्या घरातली पाहुण्यांची खोली अभिप्रेत असावी. ती भरलेली असल्यामुळे मंडळी घराच्या मुख्य भागात राहिली. त्या देशी खेड्यांतील घरांत रात्री जनावरे आतच, जरा खालच्या अंगास बांधीत. त्यामुळे गव्हाण हाताशीच असे. आमच्या मातोश्रींचे माहेर कोकणातले. माजघराला लागून गोठा असलेली घरे त्यांच्या पाहण्यातली. त्या एवढेच म्हणाल्या, "मग हाकलून नाही दिलं म्हणायचं. बरं झालं."

एका शब्दाने कथेचा रंग किती पालटतो पाहा! बायबलच्या महाविद्यालयीन अध्ययनाचा गाभा हाच. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके मानतात, कॅथलिक परंपरेत ७३. जुना करार मुख्यतः हिब्रूत, थोडा भाग अरामीत; नवा करार ग्रीकमध्ये. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि प्राचीन लेखनात स्वरचिन्हे नाहीत, केवळ व्यंजनांवरून शब्द ओळखावा लागतो. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घाचा खटाटोप ज्यांनी केला असेल त्यांना या कष्टांची थोडी कल्पना येईल. शब्द लागला की मग संदर्भ: हे कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी म्हटले? ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार जुळतात की नाही, पुनःपुन्हा काय सांगितले आहे, स्तुतिपर भाग कोणता, हे पाहावे असे आपले मीमांसक सांगतात. त्या वर्गातला विद्यार्थी नाव निराळे देतो, पण बसलेला असतो याच कामाला.

आणि मग येते ती कसोटी. खेड्यातून, आईने पाठ करून घेतलेली वचने घेऊन, भोळ्या भक्तीने आलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी पाठभेद शिकू लागतो. नाताळाच्या देखाव्यातले बैल आणि गाढव शुभवर्तमानांत नाहीतच, ते यशयाच्या ग्रंथातील एका उल्लेखावरून पुढे आले. पूर्वेकडून आलेले ज्ञानी तीन होते असे मत्तयाने लिहिलेले नाही, भेटी तीन म्हणून माणसे तीन धरली गेली. २५ डिसेंबर ही तारीख बायबलात कोठेही नाही, रोममध्ये तिची नोंद इसवी सन ३३६ च्या सुमारास आढळते. येथपर्यंत त्याला मौज वाटते. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन अत्यंत जुन्या हस्तलिखितांत नाहीत, आणि व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीस येशूने वाचविल्याचा योहानाच्या ग्रंथातील तो हृदयंगम प्रसंगही त्यांत नाही, असे जेव्हा त्यास सप्रमाण दाखविले जाते, तेव्हा त्याचे काय होत असेल? (ओवी म्हणजे तिकडचे वचन, असे आम्ही आपल्या सोयीने लिहितो.)

आमचे पाळक सांगत की त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्या स्त्रीची कथा त्यांच्या आजीची आवडती होती. निरक्षर आजीला ती संबंध पाठ येई, आणि मुलगा धर्मोपदेशक होणार म्हणून तिने आपली शेळी विकून त्याला प्रवासखर्च दिला होता. आता ही कथा मूळची नव्हे असे तिला जाऊन सांगावयाचे काय? ते पुस्तक मिटून गावी परत निघाले होते. गुरुजींनी त्यांना थांबविले नाही. इतकेच विचारले की, कथा जुन्या प्रतीत नाही म्हणून ती त्या काळच्या लोकांनी रचली असे ठरते, की इतकी प्रिय होती म्हणून लेखकाने लिहिली नव्हती तरी कोणी ती हरवू दिली नाही, असेही म्हणता येते? पाळक राहिले. उत्तर त्यांना त्या वर्षी सापडले नाही, पुढेही नीटसे सापडले नाही, असे ते मोकळेपणाने सांगत.

आपल्या वाचकांस हे वाचताना पैठण आठवेल. शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. ज्ञानोबांवर नाथांची निष्ठा कमी होती म्हणून नव्हे, तर अतोनात होती म्हणून. आमच्याच पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते तडीस नेले. पाठ ताडून पाहण्याचे जे शास्त्र तेथे योजले गेले, ते युरोपात बायबलच्या आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या हस्तलिखितांवर घासून तयार झालेलेच होते. १९४७ साली मृतसमुद्राकाठच्या गुहांत यशयाची जी गुंडाळी सापडली ती तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी. आणि ताडून पाहता पाठ बहुतांशी जुळला. पाठांतराची आणि नक्कल करणाऱ्यांची ती चिकाटी वेदपाठी घराण्यांस तरी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

हिंदुस्थानात या अध्ययनाचे महाविद्यालयीन रूप प्रथम घडले त्यांतले एक प्रमुख ठिकाण म्हणजे बंगालमधील श्रीरामपूर. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे. हुगळीकाठचे, ज्याच्या माहेश भागातली जगन्नाथाची रथयात्रा बंगालभर प्रसिद्ध आहे ते. तेथे त्या काळी डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड या तिघांनी १८१८ साली तेथे महाविद्यालय काढले आणि त्यात आरंभापासून संस्कृत शिकविले, ख्रिस्ती नसलेल्या मुलांसही प्रवेश दिला. १८२७ साली डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाने पदव्या देण्याची सनद दिली. पण धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या प्रत्यक्षात १९१५ साली दिल्या गेल्या! आज देशातील अनेक धर्मविद्यालये श्रीरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहेत. याच केरीसाहेबांचे मराठीवर ऋण आहे. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश छापला. वैजनाथशास्त्र्यांचे नाव आपल्या शाळांत का शिकवीत नाहीत, हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नाही. कँडी येथे १८९३ साली स्थापन झालेले पोपचे विद्यालय १९५५ साली पुण्यात आले. नगर रस्त्यावरील ज्ञानदीप विद्यापीठात भावी फादर आधी तत्त्वज्ञान आणि मग धर्मशास्त्र शिकतात. तत्त्वज्ञानात भारतीय दर्शनेही आली. तेथे अनेक वर्षे शिकविणारे बेल्जियन जेझुइट रिचर्ड डी स्मेट यांनी आद्य शंकराचार्यांच्या पद्धतीवर प्रबंध लिहिला होता. यवतमाळचे युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास बिबवेवाडीत आले, तो प्रॉटेस्टंट पंथीयांचा आधार. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांचे 'सुबोध बायबल' साहित्य अकादमीने गौरविले आणि जे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच पुरोहितपरंपरेतले. २०२४ साली ते निवर्तले.

हे सारे लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. हिंदू घरांना या पाठशाळांची नावे ऐकताच एक जुनी कळ आठवते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, धर्मविद्यालयात शिकवू लागले. लक्ष्मीबाईंवर त्या दिवसांत काय कोसळले ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिले आहे. पतीपासून दुरावलेल्या त्या बाईचा आकांत वाचून डोळे कोरडे राहत नाहीत. पुढे त्याही त्या वाटेने गेल्या, पण घराचे तुकडे झाल्याचे दुःख त्यामुळे खोटे ठरत नाही. टिळकांनी तुकोबांस सोडले नाही. कीर्तनाची वीणा हाती घेऊन त्यांनी ख्रिस्तकथा सांगितली, आणि उपदेश कसा करावा हे आपल्या विद्यार्थ्यांस आमच्याच मातीतून शिकविले. पंडिता रमाबाईंची गोष्ट याच्या उलट. संस्कृतात ज्यांची वाणी कलकत्त्याच्या पंडितांनी वाखाणली, त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून केडगावी बायबल मराठीत आणले, ते मात्र मुद्दाम संस्कृत शब्द टाळून, खेड्यातल्या बायांना कळावे म्हणून. १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले. मुक्तिसदनातील स्त्रियांनी छापखाना चालवून ते छापले.

मराठी शब्दांची ही अडचण आजही वर्गात रोज उभी राहते. योहानाच्या आरंभीच्या 'लोगॉस'ला 'शब्द' म्हणावे तर आपल्या कानी शब्दब्रह्म येते. येशूच्या जन्मास 'अवतार' म्हणावे तर ऐकणाऱ्यास दशावतार दिसतात, आणि ख्रिस्ती सिद्धांत तर एकदाच झालेल्या देहधारणेचा. शिक्षक सांगतात की दुसऱ्याचा शब्द उसना घेताना त्याचे घर आधी पाहून या. म्हणून अभ्यासक्रमात हिंदू, मुसलमान, बौद्ध धर्मांचा अभ्यास असतो. या वर्गांतून अस्वस्थ करणारे प्रश्नही निघतात. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या मराठी आचार्यांनी विचारले की आमच्या पूर्वजांचे, गावकुसाबाहेरच्यांचे दुःख तुमच्या धर्मशास्त्रात कोठे आहे? तो प्रश्न त्यांनी स्वतःच्या चर्चला विचारला होता.

पदवीपूर्वी आणखी एक पाठ असतो, तो पुस्तकात मिळत नाही. विद्यार्थी सहाध्यायांसमोर उपदेश करतो आणि गुरुजन तेथेच त्याची चिरफाड करतात. सुटीत त्याला खेड्यांत, इस्पितळांत पाठवितात. आमचे पाळक म्हणत, हिब्रूच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले, पण त्याहून अवघड पडले ते मिरजेच्या इस्पितळात एका मरणासन्न शेतकऱ्याशेजारी रात्रभर बसणे. तो माळकरी होता. पाळकांनी विचारले, "तुमच्यासाठी काय म्हणू?" तो म्हणाला, "हरिपाठ येतो का?" पाळकांना तो येत नव्हता. त्यांनी वॉर्डातल्या दुसऱ्या माळकऱ्यास हळूच उठवून आणले आणि स्वतः कंदील धरून उशाशी उभे राहिले.

तिसऱ्या वर्षाची सुटी संपवून ते गावी गेले तेव्हा आजी अंथरुणाला खिळली होती. तिने नातवाकडून आपली ती आवडती कथा वाचून घेतली. जुन्या प्रतींची गोष्ट त्यांनी काढली नाही. काढावयास हवी होती काय, असे त्यांनी आमच्या मातोश्रींस विचारले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग करंज्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवून म्हणाल्या, "आधी खाऊन घ्या, पाळकसाहेब. घंटा व्हायला आली."