पाकळी लहान झाली, माणसं नाही

दहावीच्या गणितातली सांख्यिकी म्हणजे हमखास मार्कांचा धडा, अशी त्याची ख्याती. कंपास, कोनमापक आणि रंगीत पेन्सिली घेतल्या की झालं! करंजाडेला आमच्या शेजारच्या दहावीतल्या मुलीला मी सुट्टीत हाच धडा शिकवतो. वृत्तालेख ती सुरेख काढते, पण "यावरून काय कळलं?" असं विचारलं की गाडी अडते. आणि मित्रहो, आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टांतही तीच रड आहे.

म्हणून फळं आणि आवडते खेळ बाजूला ठेवून तिला आपला रायगड जिल्हाच दिला. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 22.1 लाख, त्यात ग्रामीण 76 टक्के. 2011 ला 26.3 लाख, ग्रामीण 63 टक्के. भाग भागिले एकूण, गुणिले 360, की केंद्रीय कोन मिळतो. ग्रामीण पाकळी आधी 274 अंशांची, नंतर 227 अंशांची. दोन्ही वर्तुळं शेजारी काढून ती म्हणाली, "दादा, खेड्यांतली माणसं केवढी कमी झाली!"

आता 22.1 चे 76 टक्के आणि 26.3 चे 63 टक्के काढून बघा. दोन्ही वेळा साधारण साडेसोळा-पावणेसतरा लाखच येतात! खेडी रिकामी झालीच नाहीत. शहरी आकडा फुगला. त्यातही गंमत अशी, की गावाची वस्ती वाढून शेतीबाहेरचे रोजगार आले की जनगणना त्याला शहरी गटात टाकते. माणसं तिथेच राहतात, पाकळी तेवढी बदलते. (पनवेलकरांना हे वेगळं सांगायला नको.) वृत्तालेख फक्त वाटा दाखवतो, एकूण किती ते दाखवत नाही.

मग स्तंभालेख बरा? हो, पण Y-अक्ष शून्यापासून हवा. तो 20 लाखांपासून सुरू केला तर पहिला स्तंभ 2.1 चा, दुसरा 6.3 चा. बघणाऱ्याला लोकसंख्या तिप्पट दिसणार. प्रत्यक्षात वाढ 19 टक्के! पुस्तकातलं अक्षसंकोचाचं चिन्ह आयतालेखाच्या X-अक्षावर खुशाल वापरा, तिथे उंचीला धक्का लागत नाही. उभ्या अक्षावर मात्र ते उंचीचं प्रमाणच मोडतं.

शेवटी तिने विभाजित स्तंभालेख काढला. खालचा ग्रामीण भाग दोन्हीकडे जवळजवळ सारखा, वरचा शहरी भाग पाच लाखांवरून पावणेदहा लाखांवर. या वेळी निष्कर्ष तिने न विचारता लिहिला.