गतिरोधक पेडलाचा मऊपणा
द्रवीय गतिरोधक (ब्रेक) असलेल्या मोटारगाडीचे पेडल दाबले असता ते घट्ट न लागता स्पंजासारखे दबणे, या दोषास ही संज्ञा लावतात. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने पायाचा दाब नळ्यांवाटे चाकांजवळील दट्ट्यांपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबाने आकसते व पेडलाची चाल त्यातच खर्ची पडते. सिलिंडर, नळी वा कॅलिपर बदलताना द्रवमार्ग उघडा पडून हवा आत शिरते. म्हणून दुरुस्तीनंतर हा दोष विशेषतः आढळतो.

उपाय : द्रवाची टाकी भरलेली ठेवून एकाने पेडल दाबून धरावयाचे व दुसऱ्याने चाकाजवळील ब्लीडर स्क्रू सैल करून बुडबुडे बाहेर सोडावयाचे. पेडल सोडण्यापूर्वी स्क्रू पुन्हा आवळतात. डावेउजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसविले गेल्यास स्क्रू खालच्या बाजूस येतो आणि वर साचलेली हवा निघत नाही. दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली जात असेल, तर बाह्य गळती किंवा मुख्य सिलिंडरातील झिजलेले रबरी कप हे कारण संभवते.

ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषतो. ‘डॉट ३’ प्रतीच्या कोरड्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २०५° से., तर बाष्प शोषलेल्या द्रवाचा १४०° से. असतो. त्यामुळे पुणे–सातारा मार्गावरील कात्रज, खंबाटकी यांसारख्या घाटांच्या उतारावर सतत ब्रेक लावल्यास जुन्या द्रवाची वाफ होऊन पेडल अचानक मऊ पडू शकते. पेडल घट्ट लागल्याची खात्री होण्यापूर्वी गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे असते.