जळक्या तुळईची साक्ष

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील शो लो गावी २२ जून १९२९ रोजी उत्खननात एक जळकी तुळई सापडली. पार कोळसा झालेली. तिचा भुगा होऊ नये म्हणून तिला दोरा गुंडाळून पेट्रोलमध्ये विरघळवलेले मेण पाजले आणि क्रमांक दिला, एचएच-३९. त्याच संध्याकाळी दिव्याच्या उजेडात ए. ई. डग्लस तिची वलये वाचायला बसले.

डग्लस मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा पाऊसपाण्याशी संबंध शोधता शोधता ते झाडांकडे वळले होते. कोरड्या मुलखातल्या पाइनला वर्षाला एक वलय येते. पाऊस झाला तर रुंद, दुष्काळात अगदी बारीक. एका परिसरातल्या झाडांत हा क्रम सारखाच उमटतो. म्हणून उभ्या झाडाची आतली वलये जुन्या वाशाच्या बाहेरच्या वलयांशी जुळवायची, त्या वाशाची आतली वलये आणखी जुन्या लाकडाशी, असे करत शतके मागे जाता येते.

डग्लस यांच्याकडे अशा दोन मालिका होत्या. आजपासून मागे जाणारी पहिली मालिका तेराव्या शतकात अडखळत होती. दुसरी ५८५ वर्षांची, पुएब्लो बोनितोसारख्या प्राचीन वस्त्यांमधल्या लाकडांची, पण तिला सन नव्हता. एचएच-३९ चे सर्वांत आतले वलय १२३७ सालचे निघाले आणि सांधा जुळला! खरे तर दोन्ही मालिका आधीच एकमेकींवर येत होत्या. पण १२७६ ते १२९९ च्या भीषण दुष्काळातली वलये इतकी बारीक होती, की ते खात्रीने सांगता येत नव्हते.

पद्धतीला मर्यादाही आहे. सालीखालचे शेवटचे वलय शाबूत असेल तरच झाड तोडल्याचे नेमके वर्ष कळते. सुताराने तासून बाहेरचे फिकट लाकूड काढले असेल, तर ‘या सालानंतर’ एवढेच म्हणता येते.

उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांत वलये पुसट असतात. आपला साग मात्र सुदैवी अपवाद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केरळमधल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका बांधली. आपल्या जुन्या वाड्यांतल्या सागवानाचे वय असेच काढायचे, तर ते लाकूड ज्या जंगलातले, तिथली मालिका लागेल आणि ती बांधायला जुन्या तुळयाच हव्यात.

वाडा पाडताना सागवान विकले जाते. त्याआधी, जिथे बाहेरचे फिकट लाकूड शिल्लक आहे अशा तुळईची एक चकती कापून घ्या, तिच्यावर वाड्याचे नाव आणि जागा लिहा आणि ती संशोधकांकडे पोचवा.