चंद्रापर्यंत तेरा वेळा

पाचशेची नोट 15 सेंटिमीटर लांब. मुंबई-पुणे अंतर 150 किलोमीटर धरा. या वाटेवर नोटेला नोट लावत गेलो तर लागतील बरोब्बर 10 लाख नोटा, म्हणजे 50 कोटी रुपये! अशी एक रांग ही आपली मोजपट्टी. चला, आता शस्त्रांचा व्यापार मोजू.

2013-14 मध्ये भारताची संरक्षण निर्यात 686 कोटींची. जेमतेम चौदा रांगा. 2024-25 मध्ये 23,622 कोटी. चारशे बहात्तर रांगा! पृथ्वीला एक वेढा पुरा करून दुसराही पाऊण होईल.

पण जरा पुण्यातल्या मुंढव्याच्या तोफेपाशी थांबू. नोव्हेंबर 2022 मध्ये भारत फोर्जच्या कल्याणी स्ट्रॅटेजिक सिस्टिम्सने 155 मिलिमीटर तोफांची परदेशी ऑर्डर जाहीर केली. 15 कोटी 55 लाख डॉलर, म्हणजे पंचवीस रांगा. त्या मांडायच्या कोणत्या वर्षात? ऑर्डर एका दिवशी आली, तोफा जायच्या तीन वर्षांत. आणि कोणत्या देशाच्या नावावर? शेअर बाजाराला कळवताना देशाचं नावच दिलं नाही, नुसतं ‘संघर्ष नसलेला प्रदेश’! स्टॉकहोमची सिप्री संस्था तर पैसे बाजूलाच ठेवते. तोफ प्रत्यक्ष पोचली की तिच्या ताकदीला गुण देते. विकत दिली काय, फुकट दिली काय, नव्या तोफेचे गुण तेवढेच. तोफ एक, वह्या अनेक!

फुकट दिलेल्याची किंमत लावणं तर महाकठीण. अमेरिकेने युक्रेनला गोदामातला जुना साठा दिला आणि किंमत लावली नव्याची. जून 2023 मध्ये पेंटागॉनने सांगितलं, दोन वर्षांत 6.2 अब्ज डॉलर जादा धरले गेले. पन्नास हजार कोटी रुपये! हजार रांगा! भारताच्या 2024-25 च्या सगळ्या निर्यातीच्या दुपटीहून मोठी रक्कम, आणि ती निव्वळ हिशेबातली चूक! पुणे मेट्रोचा 11,420 कोटींचा पहिला प्रकल्प तेवढ्यात चारदा उभा राहिला असता.

अजून दम धरा. 2024 च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने सरकारी मार्गाने 117.9 अब्ज डॉलरची शस्त्रविक्री नोंदवली. खासगी कंपन्यांना थेट विक्रीचे परवाने दिले ते वेगळेच, 200.8 अब्ज डॉलरचे! या एकट्या परवान्यांची रांग मांडू. मुंबई-पुणे साडेतेहतीस हजार वेळा. पन्नास लाख किलोमीटर. चंद्रापर्यंत तेरा वेळा! आणि परवाना मिळाला म्हणजे माल गेला असं नाही. तो पुढच्या काही वर्षांत जाईल, कमी जाईल, कदाचित जाणारही नाही. चंद्राच्या वाटेवरच्या या नोटांपैकी खऱ्या किती, ते परवान्यावरून मुळीच कळत नाही!