ई-पीक पाहणी : ॲपमध्ये दुरुस्तीची सोय का महत्त्वाची?

सोयाबीनऐवजी चुकून तूर निवडली गेली, तर? १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपच्या पहिल्या आवृत्तीत ही चूक शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येत नव्हती.

हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या गावात हा प्रश्न केवळ ॲपचा नाही. नुकसानभरपाई, पीककर्ज, हमीभावाने खरेदी या सगळ्यांत सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पाहिली जाते. चूक मागे घेता येत नसेल, तर बटण दाबताना हात कचरतो.

२०२२च्या खरिपात सुधारित ॲप आले आणि नोंदीनंतर ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय मिळाली. म्हणून नोंद झाली की फोन लगेच खिशात टाकू नका. गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र बांधावरच पुन्हा तपासा.